दफ्तरात न सापडलेली घराणी : प्रस्तावना

बाबेलच्या बंदिवासातून यहूदा प्रांतात परतलेल्या लोकांची जी याद एज्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे, ती कारकुनी चोखपणाचा एक नमुनाच म्हटली पाहिजे. पारसीकांचा सम्राट कोरेश याने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास परतण्याची मोकळीक दिल्यावर जो जमाव यरुशलेमेच्या वाटेला लागला, त्याची एकंदर बेरीज ४२,३६०. त्याखेरीज दासदासी ७,३३७. आणि एवढ्यावर न थांबता घोडे ७३६, खेचरे २४५, उंट ४३५ व गाढवे ६,७२०, अशी जनावरांचीही मोजदाद या यादीत रुजू आहे. गाढवांचा हिशेब इतक्या नेकीने ठेवणाऱ्या या दफ्तरात तीन याजक घराण्यांचा दाखला मात्र हाती लागला नाही. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय ही ती घराणी होत. त्यांतल्या तिसऱ्याच्या मूळ पुरुषाने गिलादी बर्जिल्लयाच्या कन्येशी विवाह करून सासऱ्याचेच नाव धारण केले होते, ही घरजावयाची बाबसुद्धा लेखकाने वगळलेली नाही. या मंडळींनी आपली वंशावळ शोधली, ती सापडली नाही, आणि अशुद्ध ठरवून त्यांना याजकपदावरून दूर करण्यात आले. प्रांताधिपतीने हुकूम केला तो असा, की उरीम व थुम्मीम धारण करून देवाचा कौल घेणारा याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्नाला शिवू नये. दुसऱ्या मंदिराच्या काळात उरीम व थुम्मीम नव्हतेच, अशी यहुदी परंपरा आहे; तेव्हा हे प्रकरण तहकूब ठेवले ते कायमचेच, असे समजण्यास हरकत नाही.

परंतु पुढे सुमारे नव्वद वर्षांनी नहेम्या यरुशलेमेचा तट बांधावयास घेतो, आणि त्याने कामाची जी वाटणी नोंदविली आहे तीत 'मरेमोथ बिन उरीया बिन हक्कोस' हे नाव एकदा नव्हे, दोनदा येते. पहिल्याने मत्स्यवेशीच्या लगतचा भाग, आणि पुन्हा महायाजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासून त्या घराच्या अखेरीपर्यंतचा भाग. बहुतेकांच्या वाट्यास तटाचा एक तुकडा आला असता या मनुष्याने दोन तुकडे उभे केले. एज्राच्या आठव्या अध्यायात मंदिराचे सोने, रुपे व पात्रे ज्याच्या हाती तोलून दिली, तो मरेमोथ बिन उरीया 'याजक' म्हणून उल्लेखिला आहे. हक्कोस घराण्याची हरवलेली नोंद मध्यंतरी सापडली काय, याविषयी ग्रंथ एक अक्षर बोलत नाही. माझा तर्क असा, की ती सापडली नाही. सापडली असती तर ज्यांनी गाढवे मोजली त्यांनी ती आनंदाने लिहिली असती. घडले एवढेच, की दाखल्याच्या अभावी ज्यांना वेदीपासून दूर ठेवले, त्यांच्या वंशजाच्या हाती मंदिराचे सोने-रुपे तोलून देण्यास कालांतराने कोणास संकोच वाटेनासा झाला, आणि पुढे तो मंदिराच्या नगराचा तटही बांधीत राहिला.

इब्री शास्त्रांतील वंशावळींविषयी पुढील प्रकरणांतून जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज या मरेमोथात आहे. या याद्या शुद्धतेचा पुरावा म्हणून लिहिल्या गेल्या, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. तथापि त्या सावकाश वाचणाऱ्यास हळूहळू जाणवू लागते, की ज्या लेखकांनी त्या जतन केल्या त्यांनी आपल्या दफ्तरातील भोके बुजविली नाहीत, खाडाखोड केली नाही, परके रक्त, लाजिरवाणे प्रसंग, निपुत्रिक बाप, हक्क मागावयास आलेल्या मुली, हाकून दिलेला भाऊ, यांतले काहीही झाकले नाही. धर्मग्रंथाने स्वतःच्या कुळाविषयी इतके निर्लेप राहावे, हीच मला या पानांतील मोठी साधना वाटते.

महाराष्ट्राच्या वाचकास वंशावळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे उच्चारणारा, आणि त्याच तर्पणात ज्यांना पाणी द्यावयास कोणी उरले नाही अशा अनामिकांसाठीही एक ओंजळ सोडणारा गृहस्थ या विषयाच्या गाभ्याशी नकळत पोचलेलाच असतो. परंतु वंशावळीचे दुसरे, सरकारदरबारचे रूपही आपल्या परिचयाचे आहे. वतनाचा तंटा उद्भवला की गोतसभेपुढे महजर होई, तक्षिमा ठरत, आणि कोणाचा पणजा कोणाच्या पणजाचा वडील भाऊ, यावर पाटीलकीचा मान अवलंबून राही. इंग्रजांच्या अमदानीत १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या इनामदारांना सनदा, कैफियती व वंशावळी दाखल कराव्या लागल्या, आणि कागद नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची इनामे खालसा झाली. त्याच्याही आधी, राज्य तलवारीने आणि कारभाराने पुरते सिद्ध झालेले असताना १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला आणि सिसोदिया कुळाशी असलेला संबंध पुढे मांडावा लागला, हे मराठी माणसास सांगावयास नको. पराक्रम डोळ्यांपुढे असूनही कुळाची विचारणा थांबत नाही. ही मानवी खोड फार जुनी आहे.

आणि ती सरलेलीही नाही. मी जेथे राहतो त्या खांदेश्वरच्या परिसरात वंशावळ हा शब्द आजही पोथीपेक्षा कचेरीत अधिक ऐकू येतो. १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले. खाडीकाठची भातखाचरे आणि मिठागरे गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासईच्या परिसरात पाच जणांनी प्राण दिल्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना कालांतराने पदरी पडली. ज्याच्या नावे सातबारा होता तो बहुधा मरण पावलेला. मग त्याचे पुत्र, कन्या, मयत पुत्राची विधवा, नातवंडे, अशी शाखोपशाखांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावयाची, वारसदाखला मिळवावयाचा, आणि सासरी गेलेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, हा क्रम इथल्या आगरी-कराडी घरांना पाठ आहे. ती सही किती वेळा खुशीने होते आणि किती वेळा माहेर तुटेल या भयाने, याचा तपशील कोणत्याच नमुन्यात भरला जात नाही.

ज्यांनी ही प्रतिज्ञापत्रे पाहिली आहेत त्यांना गणनेच्या ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय परका वाटणार नाही. मागील अध्यायात इस्राएलाची शिरगणती पुरी झालेली आहे, लढण्याजोगे पुरुष ६,०१,७३० भरले आहेत, आणि याच संख्येच्या प्रमाणात जमीन वाटली जाणार असे ठरले आहे. इतक्यात महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, एलाजार याजक, सरदार व सारी मंडळी यांच्यासमोर येऊन उभ्या राहतात. आमचा बाप रानात मेला, तो बंडखोरांत सामील नव्हता, त्यास पुत्र नव्हता. तेवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हांस चुलत्यांबरोबर वाटा द्या, असा त्यांचा अर्ज आहे. मोशे, ज्याने स्वतः कायदा दिला, तो येथे निकाल देत नाही. प्रकरण वर पाठवितो. आणि वरून निर्णय येतो की या मुलींचे म्हणणे रास्त आहे. पुढे मुलगी, मग भाऊ, मग चुलते, मग जवळचा आप्त, असा वारसाक्रम घालून दिला जातो. कुळाच्या सरदारांनी नंतर हरकत घेतली आणि छत्तिसाव्या अध्यायात त्या पाचजणींनी आपल्याच वंशात विवाह करावा अशी अट पडली, हेही सांगितले पाहिजे. निर्भेळ विजय शास्त्रांत क्वचितच आढळतो. परंतु मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. शिरगणतीत, अर्जात, अटीच्या वेळी आणि यहोशवाच्या ग्रंथात प्रत्यक्ष वाटा मिळाला तेव्हा, अशी चार वेळा त्या पाचही मुलींची नावे एकेक करून लिहिली आहेत. 'सलाफहादाच्या मुली' एवढे म्हणून भागले असते. लेखकाने ते भागवून घेतले नाही.

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या. प्रत्येकाचे वय, पुत्रजन्म, उरलेली वर्षे, आणि अखेरीस मृत्यू. मथुशलह ९६९ वर्षे जगला, तरी त्याच्याही वाक्याचा शेवट इतरांसारखाच होतो. एकटा हनोख ३६५ वर्षांत, म्हणजे त्या काळच्या मानाने अल्पायुषीच, देवाबरोबर चालता चालता नाहीसा झाला, आणि त्याच्यापुरते ते मरणाचे पालुपद गळाले. दीर्घायुष्य आणि सार्थक यांची गल्लत होऊ नये म्हणून याहून अधिक बोलण्याची गरज त्या लेखकास वाटली नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात भ्रातृहत्या करणाऱ्या काइनाची वंशावळ आहे, आणि तंबूत राहून गुरे राखणाऱ्यांचा मूळ पुरुष याबाल, वीणा व पावा वाजविणाऱ्यांचा युबाल आणि तांब्यालोखंडाची हत्यारे घडविणारा तुबल-काइन हे तिघे त्याच शापित कुळात जन्मले, असे तीत नमूद आहे. शाप मिळालेल्या घराकडून संगीत घ्यावे लागते, ही गोष्ट कुळाभिमान्यांनी अवश्य मनन करावी.

पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्याय हे या विषयातील खरे अरण्य. वाचक तेथे दमतो, आणि दमण्यात त्याचा दोष नाही. पण वाट न सोडणाऱ्यास मधूनमधून जी माणसे भेटतात ती विस्मयकारक आहेत. यहूदा वंशातील शेशान यास पुत्र नव्हते, केवळ कन्या होत्या; त्याने आपला मिसरी दास यरहा यास मुलगी दिली, आणि त्यानंतर अत्तय, नाथान, जाबाद अशी जी मालिका चालते, ती एका परदेशी गुलामाच्या संततीची असून यहूदाच्या वंशात बिनदिक्कत लिहिलेली आहे. एफ्राइमाच्या शाखेत शेरा नावाच्या स्त्रीने खालचे व वरचे बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावे वसविली. गावे वसविणारी स्त्री या याद्यांत दुसरी आढळत नाही, आणि तिच्याविषयी एका ओळीपलीकडे काही सांगितलेलेही नाही. चौथ्या अध्यायात तलम तागाचे कापड विणणारी घराणी आहेत, कारागिरांचे एक खोरे आहे, आणि राजाच्या कामासाठी त्याच्यापाशी राहणारे कुंभार आहेत. हा ग्रंथ बंदिवासानंतर, राज्य गेल्यावर, सिंहासन रिकामे असताना लिहिला गेला. त्या भग्न काळात ज्याला राष्ट्राची याद पुन्हा मांडावयाची होती, त्याला राजांबरोबर कुंभारांची आठवण ठेवावीशी वाटली. बलुतेदारांवाचून गाव उभे राहत नाही हे ज्या देशाने अनुभवाने जाणले, आणि तरीही बखरींतून त्यांची नावे गाळली, त्या देशाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे.

दाविदाच्या वंशावळीकडे वळताना लेखणी अधिक सावध धरावी लागते. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात अम्मोनी व मवाबी यांनी दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा निषेध आहे. रूथ ही मवाबी. ती विधवा, निर्धन, सासूच्या मागोमाग बेथलेहेमास आलेली. बवाजाशी तिचा विवाह होतो, ओबेद जन्मतो, ओबेदास इशाय, इशायास दावीद. पुढे आचार्यांनी तो निषेध मवाबी पुरुषांपुरताच आहे, स्त्रियांस लागू नाही, असा अर्थ लावून प्रश्न सोडविला, आणि तो अर्थ लावण्यात त्यांनी मोठी दयाबुद्धी दाखविली, याबद्दल शंका नाही. पण ग्रंथकाराचे धैर्य मला त्याहून मोठे वाटते. बेथलेहेमच्या वेशीत वडील मंडळी बवाजास आशीर्वाद देतात, तेव्हा यहूदापासून तामारेस झालेल्या पेरेसाच्या घराण्यासारखे तुझे घराणे होवो, असे उघड म्हणतात. आणि तामार ही यहूदाची सून होती, तिने वेश्येचा वेष घेऊन सासऱ्याकडून आपला डावललेला हक्क वसूल केला, ही उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातील हकीकत त्या वेशीतल्या प्रत्येकास ठाऊक होती. ग्रंथाची अखेरची वंशावळ नेमकी पेरेसापासूनच सुरू होऊन दहाव्या नावावर दाविदापाशी संपते. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी तामार व रूथ यांना राहाब आणि उरीयाची बायको यांच्यासह नावानिशी वा खुणेनिशी घेतले आहे, हे मराठी ख्रिस्ती वाचक जाणतातच. राजाच्या दरबारी भाटाने जे पहिल्याने झाकले असते, ते येथे पवित्र मानून मोठ्याने वाचले जाते.

आता कोकणाविषयी. खांदेश्वरच्या पुढचेच स्टेशन पनवेल, आणि पनवेलीत १८४९ पासून बेने इस्राएल समाजाचे बेथ-एल हे प्रार्थनास्थान उभे आहे. अलिबागचे मागेन आबोथ त्याच्या आधीच्या वर्षीचे, आणि मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले शार हारहमीम १७९६ चे. समाजाची परंपरा सांगते की पूर्वज गलबतातून येत असता अलिबागजवळ नवगावापाशी ते फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्यास लागल्या, आणि होते नव्हते ते ग्रंथ, कागद समुद्राने नेले. हे केव्हा घडले यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र त्यांच्यापाशी एकही वंशावळ नव्हती, शेमाची प्रार्थना, सुंता, शब्बाथ व खाण्यापिण्याचे निर्बंध एवढेच उरले होते, हे निश्चित. घाण्यावर तेल गाळून ते पोट भरीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणू लागले. ज्या जागी पूर्वजांची मालिका असावयाची, त्या जागी त्यांनी कोकणातल्या गावांची नावे लावली: पेणकर, पनवेलकर, रोहेकर, चेऊलकर, नागावकर, दिवेकर, आष्टमकर, किहीमकर, झिराडकर. अशी शंभराहून अधिक आडनावे होतात. यहूदाची वा लेवीची शाखा सांगता न येणाऱ्या माणसाने आपण ज्या गावात तेल विकले ते गाव सांगावे, यात मला इब्री वंशावळीशी विसंगत असे काही दिसत नाही. एज्राच्या त्याच यादीत काही लोक बापाच्या नावाने, तर काही बेथलेहेम, अनाथोथ, यरीहो अशा गावांच्या नावाने मोजले आहेत.

या समाजाचे चित्र मी उजळ रंगाने रंगवू इच्छीत नाही. त्याच्यातही गोरे व काळे असा भेद होता, मिश्र विवाहाच्या संततीस वेगळे मानले जाई आणि त्यांच्याशी रोटीबेटी होत नसे. ज्यांचे स्वतःचे दफ्तर समुद्रात गेले, त्यांनीही दुसऱ्यांचे दफ्तर तपासलेच. परंतु पुढे त्यांच्यावरच ती वेळ आली. इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर हजारो कोकणी कुटुंबे तेथे गेली, आणि १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएलांपैकी कोणी इतर यहुद्यांशी विवाह करू इच्छील तर त्याची आई, आजी यांच्याकडून मागे जाता येईल तितके मागे जाऊन वंशाची चौकशी करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या हक्कोस घराण्यास विचारलेला प्रश्न पेण-पनवेलच्या तेल्यांच्या नातवंडांस विचारला गेला, आणि उत्तरही तेच होते: शोधले, सापडले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी यरुशलेमेत ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांच्यात व इतरांत भेद करता येणार नाही, असे ठरविले, आणि धर्मपीठासही आपल्या सूचनांतून त्यांचे नाव काढावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय, असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. ज्यांना रक्ताचा पुरावा हवा त्यांना तो मिळाला. पण त्याच्या बावन्न वर्षे आधी, कागदावाचून, निकाल लागून गेला होता, हे मला अधिक मोलाचे वाटते.

हाइम सामुएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पुरा केला; तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, त्यांच्या निधनानंतर. १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढणाऱ्या या गृहस्थांनी ज्या चिकाटीने समाजाच्या चालीरीती, गावे, आडनावे टिपली, ती पाहिली म्हणजे पहिल्या इतिहासाच्या अनामिक लेखकाची आठवण होते. दोघांचेही काम मोडलेल्या घराची यादी करण्याचे. याच समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठीत कीर्तने रचली, आणि झांज-चिपळ्यांच्या साथीवर इब्री कुलपुरुषांची नावे साकी-दिंडीच्या चालीवर म्हटली गेली. वंशावळ ही कीर्तनात येऊ शकते, ही कल्पना मला तेथून मिळाली. पुढील प्रकरणे कथेच्या अंगाने लिहिण्याचे कारणही तेच.

क्रमाविषयी दोन शब्द. नावे रूढ मराठी पवित्र शास्त्रातील लेखनानुसार दिली आहेत. बेने इस्राएल घरांत त्यांतील काहींचे उच्चार निराळे होतात, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत. आरंभ उत्पत्तीपासून न करता एज्रा-नहेम्यापासून केला आहे, कारण जुन्या याद्या ज्यांनी शेवटी एकत्र केल्या ते लोक त्याच काळचे, आणि हरवल्यानंतर यादी करणारा मनुष्य कशाला महत्त्व देतो हे कळले, की मागच्या याद्या वाचणे सोपे जाते. सलाफहादाच्या मुलींचे प्रकरण दुसरे. वारसाचे कागद करणाऱ्या वाचकांनी ते आधी वाचले तरी चालेल. एसावाची वंशावळ, म्हणजे उत्पत्तीचा छत्तिसावा अध्याय, सर्वांच्या शेवटी घेतला आहे, आणि तेच प्रकरण सर्वांत लांबले. आशीर्वाद हुकलेल्या, करारातून बाजूस पडलेल्या या थोरल्या भावाचे पुत्र, नातू, सरदार, त्याच्या मुलखात आधीपासून राहणारे सेईराचे वंशज, इतकेच नव्हे तर उष्ण पाण्याचे झरे शोधून काढणारा एक गुराखी, असे सारे त्रेचाळीस वचनांत लिहिलेले आहे. आणि अदोमाच्या आठ राजांची नावे देण्यापूर्वी, इस्राएलावर कोणी राजा होण्याच्या आधी हे राज्य करून गेले, अशी कबुली इस्राएलाच्याच ग्रंथाने देऊन ठेवली आहे.